गुळवेलीवर जन्म, संत्र्यावर डोळा

झाडाखाली पडलेलं संत्रं उचलून हलकेच दाबलं आणि टाचणीएवढ्या भोकातून रसाची चिळकांडी उडाली, तर ते पतंगाचं काम समजावं. फळमाशीनेही फळं गळतात, पण ती कापली की आत अळ्या वळवळतात. इथे आत काहीच नसतं. भोकाभोवती तपकिरी वर्तुळ पसरतं, बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि काही दिवसांत फळ देठ सोडतं. आंबिया बहाराचं फळ ऑगस्ट-सप्टेंबरात भरत येतं, तेव्हाच हा पाहुणा बगिच्यात उतरतो.

कळमेश्वरकडचे एक ओळखीचे बागायतदार म्हणाले, "झाडावर काहीच दिसत नाही जी. संध्याकाळी बगिचा चांगला, अन् सकाळी पायतो तं खाली सडा." फवारण्या त्यांनी करून पाहिल्या होत्या. संत्र्याच्या झाडावर औषध मारून या पतंगाचं फारसं बिघडत नाही, कारण त्याची अळी त्या झाडावर नसतेच. पतंग अंधार पडल्यावर बाहेरून येतो, रस पिऊन निघून जातो. त्याचं बालपण गुळवेलीवर आणि तिच्या कुळातल्या वासनवेलीसारख्या वेलींवर जातं.

गुळवेल पाहायला मला कळमेश्वरला जायची गरज नव्हती. २०२० च्या करोनाकाळात काढ्यासाठी जी गुळवेल घरोघरी लागली, ती आमच्या जरीपटका वस्तीत अजून अनेक कुंपणांवर आणि गॅलऱ्यांच्या गजांवर चढलेली आहे. शेजारच्या सिंधी काकूंची तर कडुनिंबावर गेलेली. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणाची, ही त्यांचीही श्रद्धा. पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी हाक मारली, "बेटा, गिलोय को कीड़ा लगा है, देख तो." मला किडेच हवे असतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

पानाच्या कडेला करंगळीएवढी, मखमली काळसर अळी होती. बोट जवळ नेताच तिने डोकं पोटाखाली वळवलं, शेपटाकडचा भाग उचलला आणि ती तशीच थिजली. आता समोर आली अंगावरची खोटी बुबुळं. पोटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडावर, दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका आणि भोवती फिकट कडं. खरं डोकं पार दडलेलं. चिमणीला हे किती घाबरवत असेल ते सांगता येत नाही, मला मात्र पहिल्यांदा दचकायला झालं. चालताना ती पाठीची अर्धवट कमान करते, कारण पोटाखालच्या पायांची पहिली जोडी खुरटलेली असते. अशा चालीच्या अळ्यांना आपल्याकडे शेतकरी उंटअळी म्हणतात.

ती बरणीत ठेवली, वर जाळीचं फडकं बांधलं, रोज ताजी पानं घातली. तिची विष्ठा रोज काढावी लागते, नाहीतर बुरशी येते. या कामात दुसरं कौशल्य नाही, फक्त कंटाळा करून चालत नाही. पुढे तिने कात टाकली, खाणं थांबवलं, दोन पानं रेशमाने एकमेकांना शिवली आणि त्या पुडीत तिचा गडद तपकिरी कोष झाला.

पतंग रात्री बाहेर आला. पंख चुरगळलेले होते, हळूहळू ताणले गेले. मी डोळे लावून बसलो होतो ते सोंडेसाठी. नुकत्याच निघालेल्या पतंगाची सोंड दोन सुट्या पन्हळींची असते. त्या तो जुळवत राहतो, तेव्हा कुठे मधली नळी तयार होते. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, फुलातला मध ओढण्यापुरती. याची टोकाशी कडक आहे, आणि तिथे दाते आणि मागे वळलेले काटे आहेत. संत्र्यावर बसला की त्या दोन पन्हळी आळीपाळीने पुढेमागे सरकतात आणि सालीला गिरमिटासारखं भोक पडतं. ज्यांना असं भोक पाडता येत नाही, ते इतर पतंग मागाहून येऊन त्याच भोकातून पितात. म्हणजे झाडावर जितके पतंग दिसतात तितके सगळे गुन्हेगार नसतात.

सकाळी तो भिंतीवर वाळक्या पानासारखा बसलेला होता. डिवचल्यावर पुढचे पंख उघडले आणि मागचे गर्द नारिंगी पंख दिसले. काठाला काळी पट्टी, मध्ये एक गोल काळा ठिपका. ठिपका गोल म्हणजे युडोसिमा मॅटर्ना. तो वाकडा, मूत्रपिंडाच्या आकाराचा असता तर त्याचा भाऊबंद युडोसिमा फॅलोनिया ठरला असता. संत्र्याच्या बगिच्यांत दोन्ही येतात.

मॅटर्नाला लिनियसने १७६७ मध्ये नाव दिलं, तेव्हा जगातले जवळपास सगळे पतंग 'फॅलिना' या एकाच वंशात कोंबलेले होते. हॅम्पसनच्या १८९४ च्या ब्रिटिश इंडियाच्या पतंगग्रंथात तो 'ऑफिडेरीस' आहे, नंतर 'ओथ्रेइस' झाला, आता 'युडोसिमा' आहे. कुळही बदललं. शंभरावर वर्षं तो नॉक्टुइडी कुळात, म्हणजे आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या घरात नांदत होता. मागच्या पंखातल्या शिरांची ठेवण वेगळी आहे, हे जुन्या लोकांना दिसलं होतं. २०११-१२ च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासांनी ते पक्कं केलं आणि असे हजारो पतंग इरेबिडी कुळात गेले. ज्या उपकुळात हा बसतो, त्यातच कॅलिप्ट्रा वंश आहे. त्याच्या काही जातींचे नर सस्तन प्राण्यांच्या कातडीत सोंड खुपसून रक्त पितात. फळ फोडायचं हत्यार तिथे कातडीला लागलं, एवढाच फरक.

शेतकऱ्याला नावाशी देणंघेणं नाही, पण सवयींशी आहे. हा पतंग दिव्याकडे फारसा येत नाही. गच्चीवर पांढरी चादर लावून, दिवा पेटवून बसलं की भुंगेरे येतात, इतर पतंग येतात, हा क्वचितच. पिकल्या केळ्याच्या आणि गुळाच्या आंबलेल्या वासाला मात्र येतो. म्हणूनच गूळ, व्हिनेगर आणि कीटकनाशक यांचं आमिष बगिच्यात टांगायचा सल्ला देतात. रात्री आठ ते अकराच्या दरम्यान टॉर्च मारला तर फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि तो हाताने धरता येतो. खाली पडलेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरायची, कारण त्यांच्या आंबट वासाने नवे येतात.

राहिला मूळ उपाय, बांधावरची गुळवेल उपटायचा. तो कागदावर सोपा आहे. पतंग दमदार उडणारा, आणि जरीपटक्याच्या पश्चिमेला मानकापूर ओलांडलं की गोरेवाड्याचं जंगल. तिथली गुळवेल कोण काढणार, आणि का काढावी? ती मुळात त्या जंगलाचीच आहे. मला वाटतं, दोष द्यायचाच तर जंगलाच्या कडेला मैलोगणती एकाच फळाचे बगिचे लावणाऱ्या आपल्या हौसेला द्यावा, वेलीला नाही.

कळमेश्वरच्या बागायतदारांना बरणीतला कोष दाखवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. बांधावरची वेल काढतो म्हणाले. मग विहिरीजवळच्या कडुनिंबावरच्या वेलीकडे पाहून, "थे नाही काढत. थे आईची हाये." त्या संध्याकाळी पतंग हुसकवायला त्यांनी झाडांच्या दोन ओळींमध्ये ओला पाला पेटवून बगिचाभर धूर केला. ऑक्टोबर लागेपर्यंत तो रोजचा उद्योग.