वॉरंटी संपलेले वैभव

यंदा डाळिंबाचा हस्त बहार बरा साधला आणि सांगोल्यातील आमच्या घरात जुनी जर्मन एसयूव्ही घेण्याचा विषय निघाला. किंमत नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी. वॉरंटी मात्र संपलेली. चिरंजीव मोहात, मी साशंक. गाडी जुनी झाली तरी तिचे सुटे भाग नव्याच दराने मिळतात. एअर सस्पेन्शन बसले, तर ती पुण्यापर्यंत लादून नेणे आले.

"विमा आहे ना, बाबा?"

यंत्रातील बिघाड नेहमीच्या विम्यात बसत नाही, हे त्याच्या गावीही नव्हते. सर्व्हिसच्या नोंदी, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला पाहायचा आणि दुरुस्तीची रक्कम वेगळी काढायची, असे ठरले. ती रक्कम ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यात बागेचे ठिबक बदलून होईल."

विक्रेत्याला अद्याप उत्तर दिलेले नाही.