विडी न ओढणाऱ्यांचा खोकला

निपाणीत शिरलं, की गाव आधी नाकाला कळतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वखारीच्या बोळात ठसका लागतो, शिंका सुरू होतात. आपण हसून म्हणतो, "आम्हाला सवय झालीय." पण ही सवय होते ती नाकाला, तीही वासाची. फुप्फुसांना धुळीची सवय कधीच होत नाही.

कन्नडमध्ये तंबाखूला 'होगेसोप्पु' म्हणतात. होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. धुराचा पाला! शब्द छान आहे, पण त्यानं एक गैरसमजही पक्का केला असावा. या पाल्याचा त्रास फक्त धूर घेणाऱ्याला होतो, असं आपण धरून चालतो. जिनं जन्मात विडी ओठाला लावली नाही, पण आयुष्यभर तंबाखू चाळली, पाखडली, काडी निवडली, तिच्या खोकल्याचं काय?

तो खोकला समजायचा तर हवेच्या मागोमाग आत जायला हवं. नाकातले केस आणि ओलसर अस्तर जाड धूळ अडवतात. संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमालावर जे काळं-तपकिरी दिसतं, ते अडवलेलं. त्याहून बारीक कण घशातून, स्वरयंत्रातून श्वासनलिकेत उतरतात. ही नळी चार-साडेचार इंच लांब. पुढे तिला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे, असे वीसहून अधिक वेळा. उलटं धरलेलं झाडच म्हणा. नळ्यांच्या आत चिकट थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसासारखे तंतू. हे तंतू सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ अडकलेला थर वर घशाकडे ढकलत राहतात. रात्रंदिवस चालणारी झाडलोटच ती. धूर आणि सततची धूळ या तंतूंना लुळं करते. मग घाण बाहेर काढायला एकच उपाय उरतो, तो म्हणजे खोकला. म्हणजे खोकला हा आजार नव्हे, झाडलोट बंद पडल्याची वर्दी आहे.

सगळ्यात बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून हे फुगे तीस कोटींच्या वर असतात. ते उलगडून पसरले तर बॅडमिंटनचं अंगण भरेल, आणि त्यांची भिंत मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. या भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. इथं झाडणारे तंतू नाहीत. काही पेशी धूळ गिळून टाकतात, पण त्यांनाही मर्यादा आहेच. भिंती एकदा फाटल्या की पुन्हा जुळत नाहीत. शिवाय फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. हात भाजला तर आपण लगेच मागे घेतो. फुप्फुस मात्र मुकाट झिजतं, आणि माडीचा जिना चढताना धाप लागली की पहिल्यांदा कळतं.

१९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, शरद जोशींचं नेतृत्व, एप्रिलमधला गोळीबार हे सगळं या भागात अजून निघतं. भावाबद्दल बोललं गेलं, ते योग्यच होतं. पण त्याच काळात वखारीतल्या बायकाही संघटित झाल्या होत्या. मजुरीसाठी, कामाच्या तासांसाठी त्या उभ्या राहिल्या. 'युगांतर' या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर लघुपटही केला. आज आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय?

तोंडाला पदर बांधायची रीत जुनी आहे. पदर जाड धूळ अडवतो, पण वायुकोशापर्यंत जाणारी बारीक धूळ त्यातून सहज पार होते. कोविडमध्ये आपण सगळे एन-९५ मास्क ओळखायला शिकलो. तो नाकाभोवती घट्ट बसला, तर खूपच जास्त अडवतो.

आणि गूळ? "धुळीत काम केलं की गुळाचा खडा खावा, छाती साफ होते," हे घरोघरी ऐकलेलं. आपला भाग गुळाचा, त्यामुळे श्रद्धाही दांडगी! गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेत जातो, म्हणजे गूळ फुप्फुसात उतरून काही धुऊन काढत नाही. लखनौच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा गुळानं फुप्फुसातले कण हलवायला मदत होते असं त्यांना दिसलं होतं. पण उंदरावरून वखारीतल्या बाईचा निकाल लावता येत नाही. घसा मऊ होतो, तोंडाला पाणी सुटतं, तेवढ्यासाठी खुशाल खावा. मधुमेह असेल तर तेही नको.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "विडी-सिगारेट?" मावशी मान हलवतात, "नाही हो." औषधाची बाटली मिळते आणि काम संपतं. वखारीत किती वर्षं काढली, किंवा घरात विड्या वळल्या का, हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ते आपणहून सांगावं. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर 'तंबाकु धूळु' आणि 'उसिराडलु तोंदरे' एवढं पुरे होतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, कारण क्षय आधी बाजूला काढावा लागतो. नळीत जोरानं फुंकायची एक तपासणीही असते. फुप्फुसं पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर टाकतात, ते तिच्यात आकड्यानं दिसतं. तीही मागून घ्यावी, आणि कागद जपून ठेवावा. पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहता येतो.