घरचें काम, घरचे हात

सुशिक्षित घरांत पुस्तकांचें कपाट बहुधा असतें. हत्यारांची पेटी मात्र क्वचितच आढळते. आमच्या घरींही तशीच स्थिति होती. माझे वडील संस्कृतचे जाणते होते. पाणिनीचीं सूत्रें त्यांना मुखोद्गत. पण भिंतींत एक खिळा मारावयाचा झाला, कीं गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुताराकडे निरोप जावयाचा, आणि तो येईपर्यंत तसबीर जमिनीवर टेकून उभी असावयाची. मींही तीसांहून अधिक वर्षें शाळेंत मुलांकडून 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर निबंध लिहवून घेतले आणि त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनें दाखविल्या. हातांत पान्हा मात्र वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं धरला. तो कां धरावा लागला हें प्रथम सांगतों. कारण पुढील सूचनांचें महत्त्व त्यावांचून ध्यानांत यावयाचें नाहीं.

आमच्या न्हाणीघरांतील खालची तोटी गळत होती. धार नव्हे, थेंब. सहा महिने ती तशीच गळत राहिली. पत्नीनें तीनदां सांगितलें, थोरल्या वहिनींनीं दोनदां. "नळवाल्याला निरोप दिला आहे," हें माझें ठरलेलें उत्तर असे. आणि एका वायसरासाठीं नळवाला कशाला लवकर येतो? त्या थेंबांनीं फरशीवर शेवाळ धरलें. श्रावणांतील एका पहाटे वहिनींचा पाय त्यावरून घसरला आणि खुब्याचें हाड मोडलें. त्यांचें वय तेव्हां ७९ वर्षांचें. शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशीं मी इस्पितळांत गेलों, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, तोटी दुरुस्त झाली का हो? नाहीं तर आणखी कोणी पडेल." त्या बोलण्यांत रागाचा लेशही नव्हता, म्हणूनच तें मला विसरतां येत नाहीं. त्याच सायंकाळीं मीं वायसर आणला. कामाला पाऊण तास लागला, आणि खर्च एका पेलाभर चहाइतका आला.

त्यानंतर जें कांहीं शिकलों, चुकलों आणि पुन्हां शिकलों, त्यांतील थोडें येथें वाचकांपुढें ठेवतों.

गळणारी तोटी

प्रथम हिशेब पाहा. साधारणपणें वीस थेंबांचें एक मिलिलिटर होतें. सेकंदास एक थेंब गळाला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून अधिक पाणी; आणि वर्षाचें दीड हजार लिटरांहूनही अधिक. 'थेंबच तर आहे' असें म्हणणाऱ्यानें हा गुणाकार एकदां स्वतः करून पाहावा.

आतां कृति. टांकीकडून येणाऱ्या नळावरील कॉक बंद करावा आणि तोटी उघडून आंत साचलेलें पाणी जाऊं द्यावें. मोरीच्या जाळीवर फडकें पसरावें. लहानसा स्क्रू एकदां मोरींत गेला, कीं काम तेथेंच थांबतें. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. तोटीची मूठ काढल्यावर खालीं षट्कोनी भाग दिसतो. पान्ह्याच्या जबड्यांत फडक्याची घडी घालून तो डावीकडे फिरवावा, आणि त्या वेळीं दुसऱ्या हातानें तोटीचें अंग घट्ट धरावें. नाहीं तर भिंतींतला नळच पिळला जातो आणि क्षुल्लक दुखणें भिंत फोडण्यापर्यंत जातें. आंतून निघणाऱ्या दांड्याच्या टोकाशीं रबराचा वायसर असतो. तो झिजलेला, कडक झालेला किंवा खळगा पडलेला आढळेल. जुना वायसर खिशांत घालून दुकानांत न्यावा आणि त्याच मापाचा नवा आणावा. माप आठवणीनें सांगूं नये. नवा बसवून सर्व भाग उलट क्रमानें जोडावेत.

वायसर बदलूनही गळती थांबली नाहीं, तर ज्या पितळी कडेवर तो बसतो ती कडच झिजली आहे असें समजावें. मग ती घासून घ्यावी लागते किंवा तोटीच बदलावी लागते. पाणी तोंडांतून न येतां मुठीखालून झिरपत असेल, तर दोष वायसराचा नव्हे, दांड्याभोंवतींच्या भरणाचा होय. तेथील नट किंचित् आंवळावा. तेवढ्यानें न भागल्यास तेल लावलेल्या सुती दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यावेत. पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या नव्या तोट्यांत बहुधा रबराचा वायसर नसतोच. कठीण चकचकीत अशा दोन चकत्या एकमेकींवर सरकत असतात. त्यांच्यामध्यें वाळूचा कण सांपडला, कीं ओरखडा पडतो आणि गळती सुरू होते. तेथें आंतील सबंध भागच बदलावयाचा. मूठ जोरानें पिळण्यांत कांहींच लाभ नाहीं.

अडणारें दार

पावसाळा लागला, कीं लांकडी दारें चौकटींत अडूं लागतात. लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें. पण तें आपल्या रेषांना आडवें फुगतें, लांबीच्या दिशेस जवळजवळ नाहींच. अशा वेळीं रंधा घेऊन धांवूं नये. आषाढांत रंधलेलें दार माघांत फट दाखवितें, आणि मग ती भरावयास दुसरा उद्योग लागतो.

प्रथम बिजागऱ्या पाहाव्या. पुष्कळदां दार फुगलेलें नसून खालीं ओथंबलेलें असतें, कारण वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल झालेला असतो. स्क्रूचें भोंक मोठें झालें असेल, तर सरस लावलेल्या बांबूच्या काड्या त्यांत ठोकून भराव्या, वर राहिलेलीं टोकें कापावीं, आणि सरस वाळल्यावर स्क्रू पुन्हां बसवावा. यानंतरही दार अडत असेल, तर चौकटीच्या कडेस खडू फांसून दार एकदां लावून उघडावें. दाराच्या कडेवर जेथें खडू उमटेल, तेथेंच तें अडतें. शिक्षकाच्या घरीं निदान खडूची तरी वाण नसते! त्या जागीं मेणबत्ती घांसावी आणि पावसाळा निभावून न्यावा. दिवाळीनंतर लांकूड वाळलें, म्हणजे खरोखर जादा असेल तेवढेंच रंधावें, आणि दाराच्या वरच्या व खालच्या कडेलाही रंग द्यावा. या दोन कडा कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत म्हणून रंगारी त्या सोडून देतो. आणि उभ्या पट्ट्यांचीं कापलेलीं टोकें तेथेंच उघडीं असल्यामुळें ओल सर्वांत त्वरेनें तेथूनच शिरते.

काटकोन आणि समपातळी

शुल्बसूत्रें मीं तरुणपणीं ग्रंथ म्हणून वाचलीं. तीं दोरीचीं सूत्रें आहेत हें मला परसांत वाफा आंखतांना कळलें. यज्ञवेदी आंखणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या हातांत पोथीइतकीच दोरीही होती. कोपऱ्यापासून एका बाजूस ३ हात आणि दुसऱ्या बाजूस ४ हात मोजून खुणा कराव्या. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ हात भरलें, तर कोपरा काटकोनांत आहे. वाफा, फरशी, मांडणी, सर्वत्र हा एकच नियम चालतो. चौकट आयताकार आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्याची खात्री करून दोन्ही कर्ण मोजावे. तेही सारखे भरले पाहिजेत.

भिंतीवर लांब फळी बसवावयाची असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवूं नये. पारदर्शक रबरी नळींत पाणी भरावें, आंत हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये, आणि नळीचीं दोन्ही टोकें उघडीं ठेवून भिंतीशीं धरावीं. दोन्हींकडे पाणी जेथें स्थिरावेल, तेथें खूण करावी. त्या दोन खुणा एकाच पातळींत असतात. मध्यें खोलीचा कोपरा आला तरी बिघडत नाहीं. फळीच्या टोकाजवळ खिळा मारावयाचा असल्यास त्याची अणी हातोडीनें किंचित् बोथट करावी. टोंकदार खिळा लांकडाचे तंतू दूर सारून फळी चिरतो, बोथट खिळा ते तोडीत आंत जातो.

परसांतील खत

इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या सहकार्यानें काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धति सिद्ध केली, आणि १९३१ सालीं दोघांनीं मिळून त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. 'इंदूर पद्धति' या नांवानें ती पुढें देशोदेशीं गेली. तिचें तत्त्व घरगुती प्रमाणावरही चालतें.

फुटक्या बादलीस तळाशीं व बाजूंना भोंकें पाडावीं. तळाशीं नारळाच्या शेंड्या घालाव्या. मग भाजीचीं देठें, फळांच्या साली, चहाचा चोथा यांचा एक थर, आणि त्यावर वाळलेल्या पानांचा त्याहून दुप्पट-तिप्पट थर. मधून मधून मूठभर जुनें खत किंवा बागेंतील माती. शिजविलेलें तेलकट अन्न घालूं नये. आठवड्यांतून एकदां सर्व खालींवर करावें. हातांत घेऊन पिळल्यास पिळलेल्या फडक्याइतकी ओल लागावी. दुर्गंधी आली, तर पाणी अधिक आणि हवा कमी आहे असें समजून वाळलीं पानें मिसळावीं. मुंग्या लागल्या, तर फार वाळलें आहे असें समजून पाणी शिंपडावें. सुमारें तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेलें खत तयार होतें.

जें आपण करूं नये

उत्साहाला मर्यादा हवी. विजेचा दिवा किंवा पंखा पुसावयाचा असला, तरी मुख्य बटण बंद करूनच हात लावावा. त्यापलीकडील तारांचें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें. गळतीच्या वेळीं वीज तोडणारें यंत्र घरांत असल्यास त्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. ग्यासचा वास आला, तर काडी ओढूं नये, विजेचें कोणतेंही बटण चालू किंवा बंद करूं नये. सिलिंडर बंद करून खिडक्या उघडाव्या आणि बाहेर जाऊन मदत बोलवावी. आणि साठीनंतर शिडीवर चढावयाचें असेल, तर खालीं धरणारा माणूस असल्यावांचून चढूं नये. स्वतः काम करूं लागल्यापासून सुताराची आणि नळवाल्याची मजुरी मला पूर्वीइतकी महाग वाटत नाहीं, हाही एक लाभच म्हणावयाचा.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीं आतां एक वही टांगलेली असते. ज्याला जो बिघाड दिसेल, त्यानें तो तारखेसह लिहावयाचा. मग तो धाकटा नातू असो कीं घरची सून. दुरुस्ती झाली, कीं समोर दुसरी तारीख पडते. रविवारीं सकाळीं नातवंडें पेटी घेऊन बसतात, आणि पकड कोणी धरावयाची यावरून भांडतातही.

वहिनी आतां काठी घेऊन चालतात. पूर्वीचें चालणें कांहीं परत आलें नाहीं. खताच्या बादलीवर देखरेख त्यांचीच असते. वहीच्या पहिल्या पानावरील पहिली नोंद मीं माझ्या हातानें केली आहे: न्हाणीघरांतील खालची तोटी. तिच्यापुढील दोन तारखांमध्यें सहा महिन्यांचें अंतर आहे. तें पान मीं फाडूं दिलेलें नाहीं.