दुसऱ्या गाडीची पट्टी आपल्या गाडीला

बोलेरोच्या चाकावरची काळी पट्टी दुसऱ्या गाडीला बसवायची, तर आधी ती उलटी करून पाहा. बहुतेकदा आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार सांगणारी ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी खूण असते. एबीएस साधारण 105 अंश सेल्सिअसला मऊ पडते. हीटगन फिरती ठेवून वाकवा आणि गार होईपर्यंत दाबून धरा. पीपीला मात्र साधा गोंद धरत नाही, आधी प्रायमर लागतो.

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातले काळे प्लास्टिक त्याहून बरेच तापते. तापमानात 50 अंशांचा फरक पडला, की एक मीटर एबीएस सुमारे 4 मिलिमीटर लांबते. स्क्रूची भोके घट्ट असली तर पट्टी फुगते, तडकते. म्हणून टोकाची भोके लांबट करा आणि चाक पूर्ण वळवून ते कुठे घासत नाही ना, हे पाहूनच गाडी रस्त्यावर काढा.