अस्थिमज्जा बदलल्यावर विषाणू का उफाळतात?

एचएलए: पेशी आपली की परकी, ही ओळख ठरवणारी जनुके. जागा सहाव्या गुणसूत्रावर. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, आईवडिलांशी सहसा निम्मीच. रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होऊ शकते.

केआयआर: विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशींवर ताबा ठेवणारी जनुके, एकोणिसाव्या गुणसूत्रावर. म्हणूनच एचएलए तंतोतंत जुळलेली भावंडेही इथे वेगळी निघू शकतात. दात्याकडे उत्तेजक केआयआर जनुके जास्त असतील, तर सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू कमी उफाळतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. दाता निवडण्याचा मुख्य निकष मात्र अजून एचएलएच.

सीएमव्ही: नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात सुप्त असतो. सर्वाधिक धोका रुग्णाला पूर्वी संसर्ग झालेला आणि दात्याला न झालेला असेल तेव्हा, कारण दात्याच्या पेशींना या विषाणूची ओळखच नसते. मूत्रपिंड प्रत्यारोपणात नेमके उलटे. नातेवाइकांनी हा फरक ध्यानात ठेवावाच.

पहिले 100 दिवस: सीएमव्हीची पीसीआर तपासणी साधारणपणे दर आठवड्याला. मुंबई-पुण्याला प्रत्यारोपण करून कोल्हापूरला परतणाऱ्यांनी ती गावी कुठे करायची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

औषधे: उपचारासाठी गॅन्सिक्लोव्हिर, प्रतिबंधासाठी लेटरमोव्हिर (अमेरिकेत मान्यता 2017).

इतर विषाणू: ईबीव्ही, ॲडिनोव्हायरस, बीके. नागीण काही महिन्यांनीही उठते.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण: टाटा मेमोरियल रुग्णालय, मुंबई, 1983.