समजून घ्या : माणूस टिकेल, पण वीज टिकेल का? कुलाब्यातील १८५९ ची नोंद काय सांगते?

मानवी संस्कृती किती काळ टिकेल, असा विषय निघाला की लघुग्रह, अणुयुद्ध किंवा एखादी महासाथ डोळ्यांपुढे येते. सूर्य सहसा आठवत नाही. आठवला तरी ‘तो विझायला अजून काहीशे कोटी वर्षे आहेत’ असे म्हणत आपण पुढे स्क्रोल करतो. मात्र त्यासाठी सूर्य विझण्याची गरज नाही. तो नेहमीसारखा तळपत असतानाच त्याच्या एका मोठ्या उद्रेकाने पृथ्वीवरील वीजव्यवस्था आडवी होऊ शकते. असा उद्रेक १८५९ मध्ये झाला होता आणि त्याची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईत, कुलाब्याला झाली होती.

कुलाब्यात काय नोंदवले गेले?

१ सप्टेंबर १८५९ रोजी ब्रिटिश खगोल अभ्यासक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र काढत होते. एका डागसमूहावर अचानक झगझगीत पांढरा प्रकाश दिसला आणि काही मिनिटांत मावळला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी सूर्यातून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला. हीच ‘कॅरिंग्टन घटना’.

कुलाबा वेधशाळेत तेव्हा उपकरणावरचे आकडे माणसे डोळ्यांनी वाचून लिहून ठेवत. २ सप्टेंबरच्या त्या नोंदींत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतका कोसळलेला दिसतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २००३ मधील शोधनिबंधामुळे ही जुनी नोंद पुन्हा जगासमोर आली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजणीत व्यत्यय येईल म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. म्हणजे शहरात वीज आली आणि सूर्याचे वादळ मोजणाऱ्यांना गाव सोडावे लागले.

तेव्हा जग का कोलमडले नाही?

कारण कोलमडण्यासारखे फारसे काही नव्हते. तारायंत्रे तेवढी बिघडली. अमेरिकेत बोस्टन-पोर्टलँड मार्गावर तर बॅटरी काढून टाकून नुसत्या वादळाच्या प्रवाहावर संदेश पाठवले गेले. त्याहून मागे जायचे तर इ. स. ७७४-७७५ चे उदाहरण आहे. जपानी संशोधक फुसा मियाके यांच्या चमूला २०१२ मध्ये देवदाराच्या खोडातील वर्तुळांत त्या काळातील कार्बन-१४ ची मोठी उसळी आढळली. आधुनिक उपकरणांनी नोंदवलेल्या कोणत्याही सौर कणवादळापेक्षा ते कितीतरी पट मोठे असावे, असे मानले जाते. आपल्याकडे तो राष्ट्रकूटांचा काळ होता. वेरूळचे कैलास लेणे त्याच सुमाराचे. छिन्नी-हातोड्याला सौर वादळाने काही फरक पडत नाही.

सूर्य तोच आहे. बदललो आपण.

ट्रान्सफॉर्मरला नेमका धोका काय?

इलेक्ट्रिकल मशीन्सचा पेपर दिलेल्यांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युत दाब तयार होतो. हा फॅरेडेचाच नियम. शेकडो किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिन्यांची दोन्ही टोके ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून जमिनीला जोडलेली असतात. त्यामुळे प्रवाहाला आयती वाट मिळते. हा प्रवाह अतिशय संथ, जवळपास डीसी असतो आणि ट्रान्सफॉर्मर बनलेला असतो एसीसाठी. मग त्याचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, घुमण्याचा आवाज वाढतो, आतले भाग तापतात आणि ग्रिडमधील विजेचा आकारच बिघडतो.

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेकमध्ये हेच घडले. संरक्षक यंत्रणा एकामागून एक बंद पडल्या, साधारण दीड मिनिटात संपूर्ण प्रांताचे ग्रिड कोसळले आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

नऊ तास ही तशी सुटकाच. खरी भीती एकाच वेळी अनेक मोठे ट्रान्सफॉर्मर जळण्याची आहे. शेकडो टनांची ही यंत्रे दुकानात तयार मिळत नाहीत. प्रत्येक जागेच्या गरजेनुसार ती बनवावी लागतात आणि मागणी नोंदवल्यापासून हाती यायला वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. त्यात ते बनवणारा कारखानाही विजेवरच चालतो. पाणीपुरवठ्याचे पंप, पेट्रोल पंप, रुग्णालये, बँकांचे सर्व्हर, मोबाइल टॉवर हे सारे त्याच तारेला बांधलेले. टॉवरच्या बॅटरीवर काही तास निघतात, महिने नाही.

भारताला किती धोका?

वाहिन्यांत शिरणाऱ्या या प्रवाहाचा सर्वाधिक धोका ध्रुवांजवळच्या देशांना असतो. भारत चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपण तुलनेने सुरक्षित आहोत. पण कुलाबाही ध्रुवाजवळ नाही, आणि तरी १८५९ ची ती घसरण तिथेच नोंदवली गेली.

२३ जुलै २०१२ रोजी कॅरिंग्टनच्या तोडीचा एक लोट पृथ्वीची कक्षा ओलांडून गेला. तो साधारण आठवडाभर आधी सुटला असता तर पृथ्वी त्याच्या वाटेत असती. योगायोग असा की त्यानंतर आठच दिवसांनी, ३१ जुलैला, भारतातील ६० कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. त्याचा सूर्याशी काडीचाही संबंध नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची लोकल थांबली, तेव्हाही नव्हता. बाहेरचे ग्रिड पडले तरी मुंबई वेगळी काढून चालू ठेवणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणा त्या दिवशी उपयोगी पडली नाही. दोन्ही वेळा वीज लवकर परतली, कारण मोठी यंत्रे शाबूत होती.

ग्रिड पूर्ण पडल्यावर ते नव्याने उभे करायलाही आधी थोडी वीज लागते. कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे अशा वेळी आधी सुरू होऊ शकतात आणि मग औष्णिक केंद्रांना वीज देतात.

आधी कळू शकते का?

काही प्रमाणात. भारताचे आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने विकसित केली आहे. लोट सूर्यातून सुटल्याचे तासन् तास आधी दिसते, पण तो किती घातक ठरेल हे त्यातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असते. ती दिशा नक्की समजते तो लोट एल१ पाशी पोहोचल्यावर. तेव्हा हातात उरतात १५ मिनिटे ते तासभर.

एवढ्या वेळात वाहिन्यांवरील भार कमी करणे, राखीव निर्मिती जोडणे शक्य असते. मे २०२४ मध्ये दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळ आले. लडाखमधील हानले येथे आकाश लाल झाले, अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, पण कुठे मोठा अंधार झाला नाही.

उपाय माहीत आहेत. क्यूबेकने १९८९ नंतर वाहिन्यांवर सीरिज कपॅसिटर बसवले, ते असा संथ प्रवाह अडवतात. जास्तीचे ट्रान्सफॉर्मर तयार ठेवणे हा त्याहून साधा उपाय. पण वर्षानुवर्षे न वापरता पडून राहणाऱ्या कोट्यवधींच्या यंत्राचे समर्थन ताळेबंदात करणे कठीण जाते. अडचण विज्ञानाची कमी आणि तिथली जास्त आहे.

पुढचे मोठे वादळ कधी?

एका दशकात कॅरिंग्टनसारखी घटना घडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असल्याचा अंदाज पीट रायली यांनी २०१२ मध्ये मांडला होता. नंतरच्या काही अभ्यासांनी तो बराच खाली आणला. सध्याचे २५ वे सौरचक्र कमाल टप्प्यात पोहोचल्याचे नासा आणि नोआ यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. चक्र उतरू लागले म्हणजे धोका टळला असेही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मधील ‘हॅलोविन’ वादळांनी स्वीडनमधील माल्मो शहराची वीज घालवली, तेव्हा त्या चक्राचे शिखर उलटून गेले होते.