फट बुजवणार कोण?

वरंध घाटाखालच्या महाड-पोलादपूर भागात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना शेवाळ चढतं. त्यामुळे मधपेटी बनवायला घेणाऱ्या नवशिक्याला आधी रंगाची काळजी लागते, यात नवल नाही. पण रंगाने फार तर लाकूड वाचतं. माश्या पेटीत राहतील की नाही, ते सांध्यांवर ठरतं, आणि त्याचं कारण इथल्या सातेरी माशीच्या स्वभावात आहे. युरोपातून आलेली मेलिफेरा माशी झाडांची राळ गोळा करून पेटीतल्या भेगा स्वतःच लिंपते. सातेरी हे काम करत नाही. सुताराने सोडलेली फट तशीच राहते आणि तिच्यातून मुंग्या नि मेणकिड्याचे पतंग आत येतात. उपद्रव वाढला की पोळी टाकून अख्खी वसाहत उठून जाते.

यावर कुणी म्हणेल, हीच माशी जंगलात झाडाच्या ढोलीत राहते, तिथे कुठला सुतार गुण्या लावून बसला होता? खरं आहे, पण ढोलीतलं पोळं कुणी बाहेर काढून, पाहून पुन्हा जागी ठेवत नाही. मोजमापाची गरज माशीला नाही, पाळणाऱ्याला आहे. चौकट आणि भिंत यांच्यात साधारण 6 ते 9 मिलिमीटर वाट राहिली तर माश्या ती मोकळी ठेवतात, हे लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने 1851 मध्ये ओळखलं आणि हलत्या चौकटींची पेटी त्यावरच उभी राहिली. वाट जास्त रुंद झाली की माश्या तिथे पोळं बांधतात आणि चौकट उचलताना ते फाटतं. म्हणून ओल्या फळीचा मोह टाळावा. लाकूड लांबीत फारसं आकसत नाही, रुंदीत आकसतं. समजा, 180 मिलिमीटर रुंदीची फळी वाळताना शेकडा 4 ने आकसली, तर कोठीची उंची 7 मिलिमीटरने घटते. चौकटीच्या बाजूच्या पट्ट्या मात्र जवळपास तेवढ्याच लांब राहतात, म्हणजे चौकटीखालची सगळी वाट गेली! सांधे जुळवताना दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की मगच खिळे ठोकावेत.

रंग सर्वांत शेवटी, आणि फक्त बाहेरून. आतून तेल-रंग दिला तर लाकूड जास्त टिकेल, हा युक्तिवाद वरवर पटतो. पण कोरं लाकूड आतली वाफ थोडीफार शोषतं आणि उग्र वास सातेरीला चालत नाही. रंगकाम उन्हाळ्यातच उरकून पेटी वाऱ्यावर ठेवावी. छपरावर पत्रा हवाच.

एवढा खटाटोप कशाला, खादी मंडळाच्या मधकेंद्र योजनेत अनुदानावर तयार पेटी मिळतेच की, असंही कुणी विचारेल. जरूर घ्यावी. मात्र घरी आणल्यावर ती उन्हाकडे धरून आतून पाहावी. दाराखेरीज कुठूनही उजेड दिसला, तर वसाहत भरण्याआधी ती फट मेणाने बुजवावी.